आपल्या देहांतील सांधे व त्यांची गति

घराच्या दाराला बिजागरी नसती, तर दार आणि भिंत ह्यांत कांहीं भेद उरला नसता. मनुष्याच्या हाडांचीही गोष्ट अशीच आहे. हाड स्वभावतः कठीण. तें वांकत नाहीं, बळेंच वांकविल्यास मोडतें. असें असूनही आपल्या वसईच्या वाडींतला माळी ओणवा होऊन पानवेल बांधतो, पाचूबंदरचा कोळी खांद्याच्या एका हिसक्यासरशीं जाळें दूर फेंकतो, विरारच्या जीवदानीच्या डोंगरावर वयस्क आजीबाई हजाराहून अधिक पायऱ्या चढून जातात, आणि आपल्या शाळेंतील लहान मूल पेन्सिल बोटांत धरून सुबक अक्षर काढतें. हीं सर्व कामें न वांकणाऱ्या हाडांकडून होतात तीं कशीं? उत्तर एवढेंच कीं, जेथें दोन हाडें एकमेकांस मिळतात, तेथें निसर्गानें सांधा ठेविला आहे. ह्या सांध्यांचे प्रकार कोणते, ते कसे हालतात, व त्यांची निगा कां राखावी, ह्याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रौढ मनुष्याच्या शरीरांत साधारणतः २०६ हाडें असतात. नुकत्याच जन्मलेल्या बालकाच्या शरीरांत हाडांचे तुकडे सुमारें ३०० भरतात. पुढें वाढीबरोबर त्यांतील कित्येक परस्परांस जुळून एकजीव होतात. आपल्या देशांत ह्या विषयाचा विचार फार प्राचीन काळीं झाला आहे. सुश्रुतसंहितेंत हाडें ३०० व सांधे २१० सांगितले आहेत. आजच्या गणनेशीं हा आंकडा जुळत नाहीं, ह्याचें एक कारण असें कीं, त्या ग्रंथांत दांत व कूर्चा ह्यांनाही हाडांतच धरिलें आहे. परंतु त्यांतील एक गोष्ट आजही मनोरंजक वाटते. सुश्रुतानें सांध्यांचे हालणारे व स्थिर असे दोन भेद करून पुढें त्यांचे आठ प्रकार पाडले, आणि त्यांतील कित्येकांस नित्याच्या व्यवहारांतील वस्तूंचीं नांवें दिलीं. कवटीचा सांधा शिवणीसारखा म्हणून ‘तुन्नसेवनी’. जबड्याचा कावळ्याच्या चोंचीसारखा म्हणून ‘वायसतुंड’. आणि खुब्याचा उखळासारखा म्हणून ‘उलूखल’. आज शाळेच्या पुस्तकांत आपण ‘उखळीचा सांधा’ हा शब्द वाचतों, तो ह्याच उलूखलाचा मराठी वंशज होय.

आजचें शास्त्र गतीच्या मानानें सांध्यांचे तीन वर्ग करितें : अचल, अल्पचल व चल. हीं नांवें पाठ करणें सोपें आहे. परंतु त्यांच्या मागील तत्त्व ध्यानीं घेणें अधिक हिताचें. तें तत्त्व असें : सांध्यास जों जों मोकळीक अधिक, तों तों त्याची बळकटी सामान्यतः कमी. जो सांधा मुळींच हालत नाहीं तो क्वचितच बिघडतो. जो सर्व दिशांस फिरतो त्यास सर्वांत अधिक जपावें लागतें. हा नियम मनांत धरून आतां एकेक सांधा पाहूं.

प्रथम अचल सांधे. कवटींत, चेहऱ्याचीं धरून, एकंदर २२ हाडें आहेत, व त्यांतील आठ हाडांची मिळून मेंदूची पेटी बनली आहे. ह्या हाडांच्या कडा करवतीच्या दांत्यांसारख्या असून एकीचे दांते दुसरीच्या खांचांत घट्ट बसतात. वसईच्या किल्ल्याच्या तटांत चिऱ्यावर चिरा चुन्यानें असा बसविला आहे कीं, शतकें लोटलीं तरी तो जागचा हालला नाहीं. कवटीच्या सांध्यांची योजना त्याच जातीची आहे. मेंदूसारख्या नाजूक वस्तूच्या रक्षणास गतीची नव्हे, अढळपणाची गरज असते. परंतु हा तट जन्मतः पुरा झालेला नसतो. तान्ह्या मुलाच्या डोक्यावर बोट ठेविल्यास जी मऊ जागा लागते, तिला आपण टाळू म्हणतों. जन्माच्या वेळीं डोक्यास किंचित् दबतां यावें व पुढें मेंदूला वाढावयास जागा मिळावी, म्हणून ती मोकळी ठेविलेली असते. साधारणतः दीड वर्षाच्या सुमारास ती भरून येते. कवटीच्या हाडांत उघड उघड हालणारें हाड म्हणजे खालचा जबडा. तें नसतें तर जेवणें व बोलणें दोन्हीं खुंटलीं असतीं.

दुसरा वर्ग अल्पचल सांध्यांचा. त्याचें उत्तम उदाहरण म्हणजे पाठीचा कणा. लहानपणीं ह्यांत ३३ मणके असतात; पुढें खालचे नऊ जुळून दोन हाडें होतात व वरचे २४ सुटे राहतात. मणक्यामणक्यांच्या मध्यें कूर्चेच्या लवचिक चकत्या असतात. प्रत्येक जोडावर हालचाल अगदीं थोडी होते; परंतु थोडें थोडें मिळून पुष्कळ होतें. आपल्या वसई-विरारहून मुंबईस जाणारी आगगाडी पाहा. कोणताही एक डबा वांकत नाहीं. पण डब्याडब्यांच्या जोडांत थोडी थोडी कलण्याची सोय असल्यानें सबंध गाडी वळणावरून सुखानें जाते. कण्याची युक्ति तीच. दिवसभर उभें राहून व बसून ह्या चकत्या दाबल्या जातात, आणि रात्रीं निजल्यावर पुन्हां फुगतात. म्हणूनच सकाळीं मोजलेली उंची सायंकाळच्या उंचीपेक्षां सुमारें एक सेंटिमीटरनें अधिक भरते. घरीं भिंतीवर खूण करून हा प्रयोग कोणासही करून पाहतां येईल.

तिसरा व सर्वांत मोठा वर्ग चल सांध्यांचा. ह्यांची घडण विशेष आहे. हाडांचीं टोकें एकमेकांवर घांसूं नयेत म्हणून त्यांवर गुळगुळीत कूर्चेचें आवरण असतें. दोन्हीं टोकांभोंवतीं एक पिशवी असते. ह्या पिशवीच्या आंतील पातळ त्वचेंतून अंड्याच्या बलकाभोंवतींच्या पांढऱ्या भागासारखा चिकट रस पाझरतो. पिशवीच्या बाहेरून अस्थिबंध म्हणजे चिवट पट्टे हाडास हाड बांधून ठेवितात, आणि त्यांवरून स्नायू जातात. ह्या संधिरसाचें प्रमाण पाहून आश्चर्य वाटतें. गुडघा हा शरीरांतील सर्वांत मोठा सांधा. पण निरोगी गुडघ्यांत हा रस चहाचा एक चमचाही भरत नाहीं! तरी तेवढ्यानें घर्षण इतकें कमी होतें कीं, बर्फावर बर्फ घसरतांनाही तें त्याहून अधिक असतें.

हा रस नुसतें वंगण नव्हे, तर अन्नही आहे. कूर्चेंत रक्तवाहिन्या नसतात. पाण्यांत बुडविलेला स्पंज दाबला कीं पाणी सोडतो व सैल केला कीं शोषून घेतो. त्याप्रमाणें सांधा हालतांना कूर्चा दाबली व सुटली जाते, आणि त्या योगें रसांतील पोषण तिला मिळतें. तात्पर्य, जो सांधा हालत नाहीं त्याची कूर्चा उपाशी राहते. दाराची बिजागरी वापरानें झिजते, हें आपण जाणतों. शरीराची बिजागरी बेतानें वापरल्यानेंच पोसली जाते, हा दोहोंतील मोठा भेद होय.

येथें मुलांच्या आवडीची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बोटें मोडतांना जो कट् असा आवाज होतो तो हाडें घांसल्याचा नव्हे. सांधा एकाएकीं ताणला गेला म्हणजे रसांत वायूची पोकळी उत्पन्न होते. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत चुंबकीय चित्रणाच्या साहाय्यानें ही क्रिया घडतांना पाहण्यांत आली. तेंच बोट पुन्हां मोडावयाचें तर सुमारें वीस मिनिटें थांबावें लागतें, तें ह्याच कारणानें. बोटें मोडल्यानें संधिवात जडतो ह्या समजुतीस पुरावा मिळालेला नाहीं; तरी वर्गांत शिक्षक शिकवीत असतांना हा उद्योग न करणेंच शिष्टपणाचें.

चल सांध्यांत पहिला प्रकार बिजागरीचा. कोपर व बोटांचीं पेरें हीं ह्याचीं उदाहरणें. दार जसें एकाच दिशेनें उघडतें व मिटतें, तसा हा सांधा वांकतो व सरळ होतो; त्यास दुसरी चाल नाहीं. गुडघाही मुख्यतः बिजागरीच आहे, पण जरा गुंतागुंतीची. वांकलेल्या स्थितींत तो किंचित् फिरतोही. सर्व शरीराचा भार त्यावर पडत असल्यानें त्यांत कूर्चेच्या दोन चंद्रकोरी गादीसारख्या बसविल्या आहेत, आंत दोन अस्थिबंध एकमेकांस फुलीसारखे छेदून जातात, आणि पुढच्या बाजूस वाटी ढालीप्रमाणें उभी आहे. सपाट रस्त्यानें चालतांना गुडघा सुमारें ६० ते ७० अंशच वांकतो. उकिडवें बसतांना मात्र तो १३० अंशांहून अधिक वांकतो. आपल्याकडील जमिनीवर बसण्याच्या रीतीनें गुडघा व खुबा ह्यांची पुरी चाल लहानपणापासून वापरांत राहते.

दुसरा प्रकार खिळीचा. ज्यांच्या घरीं जुनें जातें असेल त्यांनीं त्याची वरची तळी उचलून पाहावी. खालच्या दगडाच्या मध्यभागीं एक खीळ असते व तिच्याभोंवतीं वरचा दगड फिरतो. आपल्या मानेंत अगदीं हीच योजना आहे. मानेचा पहिला मणका कड्यासारखा असून दुसऱ्या मणक्यास वर आलेली एक खीळ आहे. ह्या खिळीभोंवतीं तें कडें, व त्यावर बसलेलें डोकें, उजवीडावीकडे फिरतें. म्हणजे ‘नाहीं’ म्हणतांना आपण हा सांधा वापरतों. ‘होय’ म्हणतांना मात्र कवटी पहिल्या मणक्यावर पुढेंमागें झुलते. दुसरी खीळ कोपराजवळ आहे. कोपर अंगाशीं टेंकवून तळहात वर करा, आणि मग तो पालथा करा. दंड हालला नाहीं, तरी हात उलटला! येथें अंगठ्याच्या बाजूचें हाड करंगळीच्या बाजूच्या हाडाभोंवतीं फिरलें. कुलपांत किल्ली फिरविणें ह्याच सांध्यामुळें शक्य होतें.

तिसरा प्रकार सरकत्या सांध्यांचा. मनगटांत लहान लहान आठ हाडें दोन ओळींत बसविलीं आहेत. तीं एकमेकांवर थोडथोडीं सरकतात व हातास लवचिकपणा आणतात. अंगठ्याच्या मुळाशीं असलेला सांधा घोड्याच्या खोगिरासारखा आहे. त्यामुळें अंगठा पुढेंमागें व आडवा हालून प्रत्येक बोटाच्या टोकास जाऊन भिडूं शकतो. ह्या सांध्याचें मोल कळावें अशी इच्छा असल्यास दोन्हीं अंगठे तळहातांत मिटून सदऱ्याचें एक बटण लावून पाहावें. लेखणी, सुई, वल्हें, कोयता, ह्या सर्वांवरील आपली सत्ता अंगठ्याच्या ह्या खोगिरावर स्वार झालेली आहे.

आतां शेवटचा प्रकार, उखळीचा. आणि वर सांगितलेला नियम येथेंच सर्वांत स्पष्ट होतो. शरीरांत असे मोठे सांधे दोन जोड्यांत आहेत : खांदे व खुबे. दोहोंतही एका हाडाचें टोंक चेंडूसारखें वाटोळें, व दुसऱ्या हाडांत त्यासाठीं खळगा. दोन्हीं सांधे पुढें, मागें, बाजूस व गोल फिरतात. परंतु खुब्याचा खळगा खरोखरीच उखळासारखा खोल आहे. मांडीच्या हाडाचा गोळा कांठासह अर्ध्याहून अधिक त्यांत बसतो, आणि त्यावरून जाणारा पुढील अस्थिबंध शरीरांतील सर्वांत बळकट समजला जातो. खांद्याचा खळगा मात्र उखळ नव्हे, बशी आहे! दंडाच्या हाडाच्या गोळ्याचा फार तर एक तृतीयांश भाग त्या बशीस टेंकतो. ह्या उथळपणामुळेंच हात डोक्यावर जातो, पाठीमागें वळतो, कोळ्यास जाळें फेंकतां येतें, आणि गर्दीच्या गाडींत उभ्या असलेल्या प्रवाशास वरची कडी धरतां येते. परंतु ह्याच उथळपणामुळें मोठ्या सांध्यांत सर्वांत अधिक वेळां निखळतो तो खांदाच. खुबा निखळण्यास मोठाच आघात लागतो. एकास मोकळीक मिळाली, दुसऱ्यास बळ. दोन्हीं पूर्णपणें कोणासच मिळालीं नाहींत.

मग खांदा जागेवर राहतो तो कशाच्या जोरावर? मुख्यतः स्नायूंच्या. खवाट्यापासून निघून दंडाच्या गोळ्यास वेढणारे चार स्नायू त्यास सदोदित बशीकडे ओढून धरितात. म्हणजे जेथें हाडांची पकड थोडी, तेथें स्नायूंचा पहारा अधिक. व्यायामाचें महत्त्व येथें ध्यानांत येतें. महाराष्ट्राच्या आखाड्यांतील मल्लखांब हा प्रकार ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस सर्व देह एका हातावर तोलणारे मल्ल आठवतील. तें बळ हाडांच्या खळग्याचें नव्हे, वर्षानुवर्षें क्रमाक्रमानें घडविलेल्या स्नायूंचें होय.

ह्या ज्ञानाचा घरोघरीं उपयोग आहे. प्रथम पालकांस दोन शब्द. लहान मुलास एका हातानें धरून हिसका देऊन उचलणें, अथवा चालत्या गर्दींतून मनगट धरून ओढणें, ही पुष्कळांची संवय असते. साधारणतः एक ते चार वर्षांच्या मुलांत कोपराजवळील खिळीस वेढणारा पट्टा अजून सैल असतो. हिसक्यानें हाडाचें टोंक त्यांतून किंचित् सरकतें. मग मूल रडतें व तो हात अंगाशीं लोंबता ठेवून मुळींच वापरीत नाहीं. वैद्यांस हा सांधा बहुधा क्षणांत बसवितां येतो. परंतु मुलास दोन्हीं बगलांत हात घालून उचललें, तर हा प्रसंगच येत नाहीं. दुसरें असें कीं, कांहीं बालकांच्या खुब्याचें उखळ जन्मतः उथळ असतें. अशा बालकाचे पाय सरळ करून घट्ट गुंडाळून ठेविल्यास गोळा बाहेर सरकण्याचें भय असतें. आपल्या आयाआज्या मुलास कडेवर घेतात, तेव्हां त्याचे पाय फांकलेले राहून गोळा उखळांत नीट बसतो. ही जुनी चाल शास्त्रास धरून आहे. एक पाय आंखूड दिसल्यास, अथवा मूल लंगडत चालूं लागल्यास, ‘पुढें सुधारेल’ म्हणून वाट न पाहतां त्यास अस्थितज्ज्ञास दाखवावें. कारण हा दोष जितक्या लवकर कळेल तितका उपचार सोपा.

आतां विद्यार्थिमित्रांस. खेळतांना पडून सांध्यास मार बसला, आकार वेडावांकडा दिसूं लागला, किंवा तो हालविणें अशक्य झालें, तर तो ओढून बसविण्याचा प्रयत्न कोणीही करूं नये व तेल लावून चोळूंही नये. ओढणी अथवा उपरणें गळ्यांत बांधून त्याच्या झोळींत हात स्थिर ठेवावा आणि तडक रुग्णालय गांठावें. वाढत्या वयांत लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक थर असतो व हाडाची लांबी तेथें वाढते. मुलांत पुष्कळदां ‘मुरगळलें’ असें वाटतें, पण मार ह्या थरास लागलेला असतो. क्ष-किरणांनीं तपासणी न करतां चोळीत बसल्यास हाड पुढें वांकडें वाढण्याचा संभव असतो.

सांधेदुखी नेहमींच माराची नसते, हेंही लक्षांत ठेवावें. घसा दुखून बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनीं मुलास ताप येऊन आज गुडघा, उद्यां घोटा, परवां कोपर असे मोठे सांधे एकामागून एक सुजूं लागले, तर तो संधिज्वर असूं शकतो. ह्यांत सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपांस कायमची इजा पोंचूं शकते. म्हणून विलंब घातक. तसेंच १९७३ सालीं सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी येथें चिकनगुन्या तापाची सांथ आली होती, आणि २००६ सालीं तो महाराष्ट्रांत पुन्हां मोठ्या प्रमाणावर पसरला. आफ्रिकेंतील माकोंडे भाषेंतून आलेल्या ह्या नांवाचा अर्थच वांकवून टाकणारा असा आहे. तो पसरविणारे डांस दिवसा चावतात व सांठविलेल्या स्वच्छ पाण्यांत वाढतात. म्हणून पावसाळ्यांत परसांतील पिंपें, करवंट्या व कुंड्यांखालील ताटल्या कोरड्या ठेवणें, हीही सांध्यांचीच राखण होय.

असो. कवटीपासून खांद्यापर्यंत आपण जी वाट चाललों, तींत एकच नियम सर्वत्र आढळला. जेथें रक्षण हवें तेथें निसर्गानें गति काढून घेतली. जेथें गति हवी तेथें बळकटीचा कांहीं भाग सोडला, आणि ती उणीव भरून काढण्याचें काम स्नायूंवर, म्हणजे पर्यायानें आपल्यावर सोंपविलें. खोल उखळ कोणास मिळावें व उथळ कोणास, हें आपल्या हातीं नाहीं. पण रोज थोडें चालणें, धांवणें, पोहणें, जमिनीवर मांडी घालून बसणें, शरीराचें वजन बेतांत ठेवणें, आणि लहानग्यांचा हात हलक्या हातानें धरणें, एवढें तर प्रत्येकाच्या स्वाधीन आहे. दाराची बिजागरी कुरकुरूं लागली तर बाजारांतून नवी आणतां येते. गुडघा व खुबा ह्यांच्याही कृत्रिम प्रति आज शस्त्रवैद्य बसवूं शकतात, आणि त्यांनीं कित्येक वृद्धांस पुन्हां चालतें केलें आहे. तथापि स्वतःच्या रसावर पोसणारी व वापरानें टिकणारी बिजागरी मनुष्यास जन्मतः एकदांच मिळते. तिची किंमत ती कुरकुरूं लागण्यापूर्वींच ओळखणें शहाणपणाचें.